बागेतल्या झोक्याचे खांब बुडाशी गंजलेत : रंगवावेत की बदलावेत?

किनारपट्टी
समुद्राजवळच्या गावातली सार्वजनिक बाग आमचं मंडळ सांभाळतं. झोक्याचा स्टँड अडीच इंची बी क्लास (मध्यम जाडीच्या) जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा आहे. आडवा पाइप ८ फुटांवर, त्याला ३ झोके. खांब काँक्रीटमध्ये शिरतात तिथे रंगाला पोपडे आलेत. चिखल नको म्हणून खाली पेव्हर ब्लॉक घातलेत. वरच्या कड्या करकरतात. फायबरची घसरगुंडी खरखरीत झालीय. फॅब्रिकेटर म्हणतो, गंजलेल्या जागी पट्टी वेल्ड करून रंग मारू. पावसाआधी उरकायचंय. चालेल का?

वेल्डिंग_रॉड
पट्टी अजिबात नको. गंजून पातळ झालेल्या पाइपवर वेल्ड धरत नाही, भोक पडतं. धरलंच, तर पट्टीच्या कडेला पाइप मोडतो. शिवाय त्या उष्णतेने आजूबाजूचा जस्ताचा थर जळतो.

आधी झोके काढून ठेवा. प्रत्येक खांबाभोवतीचे पेव्हर उचलून काँक्रीट उघडं पडेपर्यंत खणा. वायर ब्रशने घासा आणि चारी बाजूंनी हातोडीने ठोका. चांगला पाइप खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे टोकदार पंच मारा. आत गेला की खांब बदलायचा, पुढे चर्चा नाही. कोरा बी क्लास ३.६ मिमी जाड असतो; शंका उरली तर जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक गेज भाड्याने आणा, कारण टोपण नसलेल्या पाइपात पाणी साचून तो आतूनही गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

नवीन खांबाचं वरचं तोंड बंद करून घ्या. पाया दीड फूट चौरस, अडीच फूट खोल, काँक्रीट एम २० प्रतीचं. काँक्रीटचा माथा पाइपपासून बाहेर उतरता करा. तिथे वाटी झाली की पाणी थांबतं, आणि गंज सुरू होतो तो नेमका तिथेच. वेल्डच्या जागी झिंक प्रायमरचे २ हात, मग रंग. ७ दिवस काँक्रीटचं क्युरिंग (पाणी मारून पक्कं होणं) होईपर्यंत झोके टांगू नका. पोरं ऐकत नाहीत, पाट्या लावून उपयोग नाही.

पाना_पक्कड
मधला झोका काढाच. एका चौकटीत दोनच हवेत : दोघांत किमान २४ इंच, खांबापासून ३० इंच. मधल्या झोक्यावरून उतरणाऱ्या मुलाला दोन्हीकडून फटका बसू शकतो.

करकर म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय. ग्रीस घालून आवाज जातो, झीज तशीच राहते. बेअरिंगचा किंवा नायलॉन बुशचा (मधल्या नळीचा) हँगर बसवा. साखळी अडकवायच्या एस हुकचं तोंड १ मिमीपेक्षा जास्त उघडं नको. त्यात ओढणी, टोपीची दोरी अडकते. लाकडी किंवा पत्र्याची फळी काढून रबरी पट्ट्याची सीट लावा. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सैलावणारे), आणि बोल्टचे दोनपेक्षा जास्त आटे बाहेर नकोत.

किनारपट्टी
पेव्हर काढून ९ इंच वाळू भरली तर?

मैदान_माप
पेव्हर जायलाच हवेत. ओली माती पाइपला चिकटवून ठेवायचं कामही तेच करतायत. पण ८ फुटांच्या झोक्याला ९ इंच वाळू पुरत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत ९ इंच वाळू जेमतेम ४ फुटांवरून पडण्यासाठी धरलीय, लाकडाच्या चिप्स तेवढ्याच जाडीला १० फुटांपर्यंत. मात्र कोकणच्या पावसात चिप्स कुजतात, वाळू दबून घट्ट होते.

खांब बदलायचेच असतील तर उंची ६ फुटांवर आणा. मोकळी जागा आडव्या पाइपच्या उंचीच्या दुप्पट लागते, पुढेही आणि मागेही. म्हणजे १६ फुटांऐवजी १२ फुटांत भागतं. खाली रबर टाइल घाला आणि विक्रेत्याकडून १.८ मीटर पडण्याच्या उंचीचं चाचणी प्रमाणपत्र लेखी घ्या. जिममधल्या इंचभर टाइल इथे कामाच्या नाहीत. टाइलखाली उतार आणि निचरा हवाच.

वेल्डिंग_रॉड
घसरगुंडीचं राहिलं. खरखर म्हणजे जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) झिजून काचतंतू वर आलेत, ते कातडीत घुसतात. मास्क लावून पॉलिश पेपरने घासा, नुसतं जेलकोट झिजलं असेल तर नवा हात द्या. तडा असेल तर आधी काचतंतूंची मॅट आणि रेझिन लावा. साधा ऑइल पेंट मारला तर चार दिवसांत सोलून निघेल. आणि कठड्याच्या दांड्यांमधली फट मोजा : ८९ ते २३० मिमीच्या मधली असेल तर अंग निसटतं, डोकं अडकतं. त्याच फेरीत मधे दांडी टाकून घ्या, फॅब्रिकेटर आलेलाच असेल.