जपानी रडकी गाणी: खरंच भिडतात की रडवायचा धंदा आहे?

अबोली_पुणे
जपानी भाषेचा क्लास लावल्यापासून आमच्या सेन्सेई (शिक्षिका) अधूनमधून गाणी ऐकवतात आणि आता माझं मत पक्कं झालंय की चांगल्या घोड्यासारख्या वाढलेल्या माणसांना रडवावं तर जपान्यांनीच. कारण ते दुःखाबद्दल बोलतच नाहीत. उएमुरा काना या गायिकेचं २०१०चं 'तोइरे नो कामिसामा' (संडासातली देवी) घ्या. विषय काय, तर संडास! हसू नका. आजी नातीला सांगते की संडासात एक सुंदर देवी राहते, रोज घासलास तर तूही तिच्यासारखी सुंदर होशील. मग दोघींचे पट मांडून खेळ, बाहेर जाऊन नूडल्स खाणं, टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम आजीने रेकॉर्ड केला नाही म्हणून पोरीने केलेला थयथयाट. पोरगी मोठी होते, आजीशी पटेनासं होतं, टोकियोला निघून जाते. आजी दवाखान्यात असताना भेटायला येते तर आजी थोडं बोलून तिला परत पाठवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी वारते. जवळपास दहा मिनिटांचं गाणं आहे, आजी आपली वाट बघत थांबली होती असं वाटतं एवढंच त्यात येतं, बाकी छाती पिटणं शून्य. त्या वर्षीच्या कोहाकूमध्येही (३१ डिसेंबरचा त्यांचा मोठा गाण्यांचा कार्यक्रम) तिने हे म्हटलं होतं. तुम्हाला काय वाटतं?

तर्री_नागपूर
मला वाटतं की तुम्ही मार्केटिंगला बळी पडलात ताई. हलकं घ्या. पण तिकडे 'रडकी गाणी' म्हणून वेगळी सीडी काढून विकतात, २०१३पासून तर 'रुइकात्सु' म्हणून प्रकार निघालाय, अनोळखी लोक एका हॉलमध्ये जमतात, रडवणारे व्हिडिओ बघतात, डोळे पुसतात आणि घरी जातात. रडणं ठरवून करायची गोष्ट झाली की गाणीही तशीच बनणार ना, आजी टाका, पियानो टाका, शेवटी व्हायोलिन चढवा. आणि ते 'सेन नो काझे नि नात्ते' (हजार वारे होऊन), ज्यावर अख्खा जपान रडला, २००७ साली ओरिकॉनच्या (तिकडची गाण्यांच्या खपाची यादी) वर्षभराच्या यादीत पहिलं, ते मूळ इंग्रजी कविता आहे! आराई मान यांनी जपानीत आणून चाल लावली. मग यात जपानी संयम वगैरे कुठून आला?

निशीकासाईकर
तर्री, सीडी विकतात हे खरं, पण इकडे जपानात राहून जे दिसतं ते वेगळं आहे. मार्चमध्ये शाळा संपतात, निरोप समारंभ असतो आणि त्यात 'ताबिदाची नो हि नि' (निघायच्या दिवशी) हे गाणं बहुतेक शाळांत असतंच. ते कुठल्या कंपनीने बनवलेलं नाही हो, चिचिबु गावच्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी १९९१मध्ये शब्द लिहिले, संगीताच्या बाईंनी चाल दिली आणि शिक्षकांनी जाणाऱ्या मुलांसाठी म्हटलं, बस, तिथून एका शाळेतून दुसरीत पसरत गेलं. पोराच्या शाळेत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अर्धे शब्दही कळले नव्हते पण शेजारचा सूट घातलेला बाप, ज्याने वर्षभर फक्त मान लववली होती, तो रुमाल काढून बसलेला, आणि त्याची बायको त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हती. त्याला कोणी विकलं होतं का ते रडू?

तर्री_नागपूर
तो पोरगं मोठं झालं म्हणून रडला, गाण्यामुळे नाही. तिथे बँडने काहीही वाजवलं असतं तरी रडला असता.

कोमल_धैवत
सूर काय म्हणतात ते पण बघा. बरेच जण म्हणतात की जपानी स्वररचनाच उदास असते. 'साकुरा साकुरा' हे जुनं गाणं ऐका, सरळ गुणक्रीचे स्वर आहेत, सा रे॒ म प ध॒, तिथे हे पटतं. पण 'आकातोंबो' बघा (लाल चतुर), कवी मिकी रोफू १९२१, चाल यामादा कोसाकु १९२७. त्यात म आणि नी वर्ज्य, म्हणजे आपला भूप! भूप ऐकून आपल्याकडे कोण रडतं? तरी तिकडची म्हातारी माणसं या गाण्यावर डोळे पुसतात. कारण शब्दांत आहे. लहानपणी जिच्या पाठीवर बसून कवीने चतुर पाहिला ती घरात राबणारी पोर पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि मग गावाकडून येणारी पत्रंही थांबली. एवढंच. तिचं पुढे काय झालं ते गाणं सांगत नाही. कवीचे आईवडील तो पाच वर्षांचा असताना वेगळे झाले होते, त्याला आजोबांनी वाढवला, म्हणजे ही पोर त्याच्यासाठी नुसती कामवाली नव्हती हे उघड आहे. तेव्हा सुरांना श्रेय देणाऱ्यांना माझा नम्र नकार.

तर्री_नागपूर
धन्यवाद, माझाच मुद्दा मांडलात! गोष्ट रडवते, गाणं नाही. पुरावा देतो. साकामोतो क्यू या गायकाचं 'उए ओ मुइते आरुको', अश्रू गळू नयेत म्हणून वर बघत चालणारा माणूस. गीतकार एइ रोकुसुके यांनी १९६०च्या अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरुद्धची आंदोलनं फसल्याच्या निराशेतून लिहिलेलं. १९६३मध्ये तेच जपानी गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तीन आठवडे पहिलं. तिकडे त्याला नाव काय दिलं? 'सुकियाकी', म्हणजे मांसाचा रस्सा! लोकांना त्यातली शिट्टी आवडली, गाणं गोड वाटलं. शब्द नाही, गोष्ट नाही, तर रडू पण नाही. मग १९८५मध्ये साकामोतो जपान एअरलाइन्सच्या १२३ विमानाच्या अपघातात गेला, ५२० माणसं मेली त्यात, आणि आता त्याच गाण्याने घसा दाटतो. गाण्यातला एक स्वर बदलला का?

वांगीभात
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एक सांगू, आमच्याकडे पाठवणीला बँडवाल्यांनी ते ठरलेलं गाणं सुरू केलं की नवरी हसत फोटो देत असते आणि कोपऱ्यात मामा हमसून रडतो. तो मामा जपानला पाठवा.

अबोली_पुणे
तर्री, बाहेरची गोष्ट माहीत नसतानाही भिडणारं एक सांगते, यामागुची मोमोए या गायिकेचं 'कॉस्मॉस', १९७७, सादा मासाशीने लिहिलेलं. उद्या लग्न असलेली मुलगी आणि आई. आई अंगणाकडच्या ओसरीवर अल्बम चाळत तीच ती लहानपणची आठवण परत परत सांगतेय, मधूनच खोकतेय. कोणी मरत नाही, कोणी भांडत नाही. पण तो खोकला! गाणारी तेव्हा १८ वर्षांची होती, तिला काय कळणार, पण तिने आवाज न चढवता म्हटलंय म्हणूनच ते लागतं. यात विमान नाही, आंदोलन नाही, सीडी कंपनी असेल तर असो. आणि गोष्ट शब्दांत बसली असेल तर तो गाण्याचाच भाग झाला की, तुम्ही ती बाहेर काढून ठेवताय हा कुठला न्याय?

निशीकासाईकर
+१. आणि रुइकात्सुची टिंगल सोपी आहे पण ऑफिसात वर्षानुवर्षं चेहरा सपाट ठेवून काम करणाऱ्यांना एक अधिकृत रडायची जागा लागत असेल तर काय बिघडलं? आमच्या टीमचे बुचो (विभागप्रमुख) वर्षअखेरच्या पार्टीत कराओकेला हमखास एन्का (जुन्या धाटणीची भावुक गाणी) लावतात, तिसऱ्या कडव्याला आवाज फुटतो, सगळे टाळ्या वाजवत राहतात. सोमवारी ईमेलमध्ये त्यांचा तोच तिखटपणा.

तर्री_नागपूर
'कॉस्मॉस' ऐकलं सबटायटल लावून. खोकल्याची जागा चांगली आहे, मानलं. पण मला रडू आलं नाही, आणि मागची ती व्हायोलिनं काढून टाकली असती तर आलं असतं असं वाटतं. म्हणजे माझं भांडण शब्दांशी नव्हतंच, या सजावटीशी आहे. कोणी नुसत्या गिटारवरचं काही सुचवा.

कोमल_धैवत
'नादा सोउसोउ' (घळाघळा अश्रू) ऐका. मोरीयामा र्योको यांनी गेलेल्या भावासाठी शब्द लिहिले, ओकिनावाच्या बिगिन बँडची चाल. गायिका नात्सुकावा रिमीचं २००१चं जास्त प्रसिद्ध आहे पण तुम्ही आधी बिगिनचं ऐका.

अबोली_पुणे
अजिबात नाही, आधी रिमीचंच! यावर वेगळा धागा काढू का?