मदत हवी आहे: फॉर्म पाठवलाच नाही तरी फोन आला, आणि आता कंपनी ओळखपत्र मागते आहे

उंबरठा

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

तीन आठवड्यांपूर्वी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबसाइटवर हिशोबाच्या पॅकेजची चाचणी आवृत्ती मिळते का ते बघायला गेलो होतो. तिथे फॉर्म होता. नाव भरलं, ईमेल भरला, फोन नंबर भरला आणि पुढच्या रकान्यात आलो तर 'वार्षिक उलाढाल'. नुसतं बघायला आलेल्या माणसाला कशाला या चौकशा, म्हणून वैतागून टॅब बंद केला. 'पाठवा' हे बटण मी दाबलेलं नाही. हे इतक्या खात्रीने सांगतोय कारण ते बटण तेव्हा करडंच होतं. सगळे रकाने भरल्याशिवाय ते दाबताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "सर, काल तुम्ही आमच्या प्रॉडक्टमध्ये इंटरेस्ट दाखवला होता..." नंबर कुठून मिळाला विचारलं तर "सिस्टीममध्ये दिसतोय सर". पुढच्या आठवड्याभरात तीन मेल. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'तुमचा अर्ज अर्धवट राहिला आहे, इथून पुढे सुरू करा'. लिंक उघडली तर माझं नाव आणि नंबर आधीच भरून ठेवलेले! खरं सांगतो, त्या क्षणी अंगावर काटा आला.

मग आयुष्यात पहिल्यांदा प्रायव्हसी पॉलिसी अथपासून इतिपर्यंत वाचली. 'आपण स्वेच्छेने दिलेली माहिती आम्ही गोळा करतो' असं त्यात आहे. पण दिलेली म्हणजे नेमकी कधी? टाइप केली की दिली? 'विश्वासू भागीदारांना' ती देऊ शकतो असंही आहे, भागीदार कोण त्याचा पत्ता नाही. हक्कांबद्दल दोन वेगळे भाग आहेत, एक युरोपातल्या लोकांसाठी आणि एक कॅलिफोर्नियातल्या. मी दोन्हीकडचा नाही. मात्र पानाच्या तळाशी कंपनीचा नोंदणीकृत पत्ता युरोपातला आहे.

मी त्यांना दोन ओळींचा मेल टाकला की माझी सगळी माहिती पुसा. पाच दिवसांनी उत्तर आलं: सरकारी ओळखपत्राचा दोन्ही बाजूंचा रंगीत फोटो पाठवा, मग विनंतीवर विचार करू. म्हणजे नाव-नंबर काढून घ्यायला जायचं आणि जन्मतारीख, फोटो, पत्ता देऊन यायचं!

ओळखपत्र पाठवू का? आणि मी युरोपात राहत नसेन तर मुळात मला काही हक्क आहे का? कुणी असल्या प्रकरणातून गेलं असेल तर कृपया सांगा. 'जाऊ दे, नंबर ब्लॉक कर' हा सल्ला घरून मिळालेला आहे.

खटपट्या

शंका घेतोय म्हणून रागावू नका, पण चुकून एंटर दाबलं गेलं असेल का? किंवा ईमेल आधी कुठल्यातरी वेबिनारला दिलेला असेल आणि तिथून जुळवलं असेल.

उंबरठा

@खटपट्या, ईमेलचं समजू शकतो. पण तो फोन नंबर नवा आहे, जेमतेम दोन महिन्यांचा. इतर कुठल्याच फॉर्मवर टाकलेला नाही.

पडद्यामागचा

वेबसाइटी बांधणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे तांत्रिक बाजू मी घेतो. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण असला कोड एका गिऱ्हाइकाने माझ्याकडेही मागितला होता.

'पाठवा' बटण भरणाऱ्याच्या समाधानासाठी असतं. पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला त्याची वाट बघायची काही गरज नसते. तुम्ही एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेलात की ब्राउझर स्क्रिप्टला कळवतो, 'हा रकाना सोडला'. नंबर दहा आकडी आहे का ते तपासून लाल अक्षरांत चूक दाखवतात ना, ती याच इशाऱ्यावर. त्याच जागी आणखी चार ओळी लिहिल्या की रकान्यातला मजकूर सर्व्हरवर जातो. मार्केटिंगवाले याला 'अर्धवट फॉर्म वाचवणं' म्हणतात. कोण कोणाला वाचवतंय कोण जाणे.

हे एखाद्याच वेबसाइटवर घडतं असंही नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या १ लाख वेबसाइटी यंत्राने तपासल्या. युरोपातून भेट दिली तेव्हा १,८४४ वेबसाइटींवर ईमेल पत्ता फॉर्म पाठवण्याआधीच ट्रॅकिंग आणि मार्केटिंगवाल्यांकडे गेला. अमेरिकेतून भेट दिली तेव्हा हाच आकडा २,९५० झाला. दोन्ही वेळा संमतीचं कुठलंच बटण दाबलेलं नव्हतं.

तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. प्रायव्हेट विंडोत ते पान उघडा. एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा. आता नावाच्या रकान्यात 'गोगलगाय' असलं काहीतरी टाका जे दुसरीकडे कुठेच सापडणार नाही. नंबरात सगळे शून्य टाका, उगाच भलत्याच माणसाला उद्या सकाळी फोन जायला नको. पुढच्या रकान्यात क्लिक करा आणि यादीत नवी ओळ उगवते का बघा. उगवली तर ती उघडून 'पेलोड'मध्ये (म्हणजे पाठवलेल्या मजकुरात) गोगलगाय शोधा आणि वरचा पत्ता कंपनीचा आहे की भलत्याचाच तेही बघा.

शोधून काही सापडलं नाही म्हणून लगेच निर्दोष ठरवू नका. पुष्कळदा ईमेलचा हॅश पाठवतात, ६४ अक्षरी न वाचता येणारी माळ. 'आम्ही ईमेल पाठवत नाही' असं मग ते छातीठोकपणे म्हणतात. पण एकाच ईमेलचा हॅश जगात सगळीकडे तोच निघतो. म्हणजे दहा वेबसाइटींनी तो एकाच ठिकाणी पाठवला की तुमची दहा ठिकाणची पावलं जुळलीच.

आणि हो, नेटवर्क टॅबमधून रेकॉर्डिंगची फाइल उतरवता येते. पुरावा म्हणून जरूर ठेवा, पण इथे धाग्यावर चिकटवू नका. त्यात तुमच्या कुकी, म्हणजे वेबसाइट तुम्हाला ओळखते त्या छोट्या नोंदी असतात.

तिरपी_रेघ

ते कुकीचं पाटीवजा खोकं पण बघा हो. 'सगळं स्वीकारा' हिरवंगार आणि नकार द्यायला तीन पायऱ्या उतरून तळघरात. याच कारणासाठी फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा संरक्षण प्राधिकरणाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला होता, जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. नाकारणं स्वीकारण्याइतकं सोपं का नाही, एवढाच मुद्दा.

शुद्धमती

मी काही वर्षं एका कंपनीत असल्या विनंत्यांना उत्तरं देण्याच्या टेबलावर होते. वकील नाही, पण पलीकडची बाजू चांगली ठाऊक आहे.

आधी हक्काचं. २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा, फक्त युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. कलम ३ वाचा. कंपनी स्वतः युरोपीय संघात बसून काम करत असेल तर तिच्या त्या कामातल्या सगळ्या माहितीला कायदा लागतो, माणूस कुठलाही असो. राहण्याचं ठिकाण महत्त्वाचं ठरतं ते कंपनी संघाबाहेरची असली तर. म्हणून पॉलिसीत 'कंट्रोलर' (माहिती कशासाठी आणि कशी वापरायची ते ठरवणारा) या शब्दापुढे कोणाचं नाव आहे ते तपासा. तळाशी दिलेला पत्ता त्याचाच असेल तर तुम्ही हक्काने मागू शकता. बाहेरच्या कंपनीचा नुसता युरोपातला प्रतिनिधी असेल तर गोष्ट वेगळी.

ओळखपत्र पाठवू नका, निदान आत्ता तरी. कलम १२ म्हणतं की मागणाऱ्याच्या ओळखीबद्दल रास्त शंका असेल तर कंपनी जादा माहिती मागू शकते. आता बघा, त्यांच्याकडे तुमचं नाव, ईमेल आणि नंबर आहे. तुमच्या जन्मतारखेशी ते ताडून काय बघणार? त्यांच्याकडे ती आहेच कुठे! त्याच ईमेलवरून उत्तर द्या, किंवा 'नंबरावर कोड पाठवा, मी तो सांगतो' असं लिहा. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट ओळखपत्राची प्रत मागणं अयोग्य मानलंय, तसं खरोखर आवश्यक असेल तरच.

कंपनीची बाजूही सांगते, कारण सगळेच लबाड नसतात. २०१९ मध्ये जेम्स पावूर नावाच्या संशोधकाने आपल्या वाग्दत्त वधूच्या संमतीने, तिच्या नावाने सुमारे १५० संस्थांकडे तिची माहिती मागितली. ज्यांच्याकडे ती होती त्यांपैकी जवळजवळ पाव संस्थांनी धड खातरजमा न करता ती देऊन टाकली. तेव्हापासून आमच्या टेबलावर सगळे दुधाने तोंड पोळल्यासारखे वागायला लागले. तरी ताक फुंकायला पासपोर्ट लागत नाही.

आता तुमची चूक. 'पुसा' हे तुम्ही पहिल्याच मेलात मागितलं. पुसून झाल्यावर नंबर कसा आला, कोणाला गेला हे विचारणार कोणाला? आधी प्रत मागायची, मग पुसायला सांगायचं. आजच लिहा की पुसण्याची विनंती थांबवतो आणि कलम १५ खाली माझ्या माहितीची प्रत मागतो. नंबर कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने मिळाला, कशासाठी ठेवला, किती दिवस ठेवणार, ते विचारा. आणि ज्यांना दिला त्यांची नावं मागा. 'भागीदार' असं मोघम उत्तर चालणार नाही. ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीविरुद्धच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ठरवलंय की मागणाऱ्याला प्रत्यक्ष नावं कळली पाहिजेत. घेणारे कोण ते सांगणं अशक्य असेल किंवा मागणी उघडच अवाजवी असेल तेवढा अपवाद. प्रत फुकट मिळते, मुदत एक महिना. दोन महिने वाढवून घेता येतात, पण तसं कारणासह पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं.

फोन बंद करायला मात्र थांबू नका. जाहिरातीसाठी माहिती वापरायला हरकत घेतली (कलम २१) की त्यांना ते थांबवावंच लागतं, तिथे त्यांचं 'कायदेशीर हित' वगैरे चालत नाही. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. तुम्हाला पुन्हा फोन जाऊ नये म्हणून तुमचा नंबर त्यांना 'फोन करू नये' या यादीत ठेवावा लागतो. तो तिथे दिसला तर भांडू नका.

खटपट्या

@शुद्धमती, बॅकअपचं काय? तिथूनही पुसतात का?

शुद्धमती

लगेच नाही. बॅकअपमधून एकच ओळ उपटणं बऱ्याचदा शक्य नसतं, तो जुना होऊन वर नवा चढतो तेव्हा जाते. प्रामाणिक कंपनी किती दिवसांत ते सांगते, आणि मधे बॅकअप परत चढवावा लागला तर तुमची ओळ पुन्हा पुसते. बिलं असतील तर तीही हिशोबाच्या कायद्यांमुळे ठेवावी लागतात. उंबरठांनी काही विकत घेतलेलं नाही, त्यामुळे ती सबब इथे नाही.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. काल रात्री गोगलगाय सोडली.

नंबराच्या रकान्यातून बाहेर पडलो आणि यादीत टपकन ओळ आली. पेलोडमध्ये नाव, ईमेल, शून्यांची माळ आणि खाली 'स्टेटस: अपूर्ण'. म्हणजे अपूर्ण आहे हे त्यांना माहीत असतं! पत्ता कंपनीचा नव्हता, कुठल्याशा मार्केटिंग सेवेचा होता. कुकीच्या पाटीला मी हातही लावला नव्हता. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. कंट्रोलर म्हणून युरोपातल्याच कंपनीचं नाव आहे. शुद्धमतीताईंनी सांगितलं तसं पत्र आज पाठवलं, हरकतीसकट.

उंबरठा (२६ दिवसांनी)

उत्तर आलं. ओळखपत्राचा विषयच नाही, ईमेलवर कोड आला, तेवढ्यावर भागलं.

सोबत एक तक्ता आहे, एकोणीस ओळींचा. मी त्या दिवशी किती वाजता पान उघडलं, किमतीच्या पानावर किती सेकंद थांबलो, कुठल्या शहरातून आलो (शहर चुकलंय). 'स्रोत' या रकान्यात 'वेब फॉर्म, अपूर्ण'. आणि एक ओळ 'लीड गुण: ४१', लीड म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक. शंभरातले का, ते लिहिलेलं नाही. शाळेत गणितात एवढेच पडायचे.

माहिती घेणाऱ्यांची तीन नावं दिलीत. मेल पाठवणारी सेवा, ती मार्केटिंग सेवा आणि फोन करणारी बाहेरची एजन्सी. पॉलिसीत तिसरीचा मागमूस नाही. संमती कशी घेतली या प्रश्नाला उत्तर असं: 'आपण रकाना भरून स्वारस्य दर्शवले'.

फोन बंद झालेत. आता आधी पुसायला सांगू की तक्रार करू?

शुद्धमती

तक्रार आधी. कंपनी ज्या देशात आहे तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाच्या वेबसाइटवर ऑनलाइन करता येते. तक्ता, स्क्रीनशॉट आणि 'रकाना भरून स्वारस्य दर्शवले' हे वाक्य जसंच्या तसं जोडा. तक्रार क्रमांक हातात आला की त्याच दिवशी पुसण्याची विनंती पाठवा, आणि ती तिन्ही नावांपर्यंत पोचवल्याचं लेखी मागा. कलम १९ प्रमाणे ते काम कंपनीचं आहे, तुम्ही तिघांच्या मागे धावायचं नाही.

पडद्यामागचा

आणि ती गोगलगायही पुसायला सांगा. त्यांच्या यादीत बिचारी अजून अर्धवटच पडली असेल.