उत्तर आयर्लंड: मंत्रिपदं ठरतात कशी आणि सरकार बंद का पडतं?

मृगजळ:
उत्तर आयर्लंडच्या सरकारला सगळे आघाडी म्हणतात, पण निवडणुकीनंतर युतीची बोलणी होऊन खातेवाटप झालं असं दिसत नाही. मग कुठलं खातं कोणाला हे ठरवतं कोण? आणि एका पक्षाने अंग काढून घेतलं की अख्खा कारभार का थांबतो?

अक्षांश:
ठरवतं गणित. पद्धतीचं नाव डी'होंट. पक्षाच्या जागांना 'मिळालेली खाती अधिक 1' ने भागायचं. ज्याचा भागाकार मोठा, त्याने पुढचं खातं निवडायचं.

2022 च्या निवडणुकीत विधानसभेच्या 90 जागांपैकी शिन फेन (आयर्लंडशी एकीकरण हवं असणारा नॅशनॅलिस्ट पक्ष) 27, डीयूपी (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारा युनियनिस्ट पक्ष) 25, अलायन्स (दोन्ही गटांपासून अलिप्त) 17, यूयूपी (युनियनिस्ट) 9, एसडीएलपी (नॅशनॅलिस्ट) 8. न्यायखातं वेगळं: त्याचा मंत्री सभागृह निवडतं आणि त्याला दोन्ही समाजगटांचा (युनियनिस्ट आणि नॅशनॅलिस्ट) पाठिंबा लागतो. ते अलायन्सकडे गेलं. उरली सात. शिन फेनचे भागाकार 27, 13.5, 9, डीयूपीचे 25, 12.5, यूयूपीचा 9. झाली सहा. अलायन्सचे 17 न्यायखात्यात खर्ची धरले तरी पुढचा भागाकार 8.5, म्हणजे डीयूपीच्या 8.33 आणि एसडीएलपीच्या 8 हून जास्त. सातवं त्यांचं. अर्ध्या अंकाने हुकलेली एसडीएलपी विरोधात बसली.

तिठा:
थांबण्याचं कारण वरच्या दोन खुर्च्या. फर्स्ट मिनिस्टर (म्हणजे सरकारप्रमुख) आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर यांचे अधिकार अगदी सारखे ('डेप्युटी' शब्दाने फसू नका), आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. जानेवारी 2017 मध्ये शिन फेनचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी दिला, तो पेच जानेवारी 2020 मध्ये सुटला. फेब्रुवारी 2022 मध्ये डीयूपीचे फर्स्ट मिनिस्टर पॉल गिव्हन यांनी दिला, तो पेच सुटला थेट फेब्रुवारी 2024 मध्ये.

खातेमंत्री लगेच जात नाहीत. 2022 च्या निवडणुकीनंतर नवी विधानसभा पहिल्यांदा भरली तेव्हापासून ते 24 आठवडे, 28 ऑक्टोबरपर्यंत राहिले. पुढे खाती सनदी अधिकाऱ्यांकडे. मोठे धोरणात्मक निर्णय त्यांच्या हातात नसतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

मृगजळ:
स्कॉटलंडमध्येही हेच का?

तिठा:
नाही, तिथे लेखी करार. 2021 ला एसएनपीकडे (स्कॉटिश नॅशनल पार्टी) 129 पैकी 64 जागा होत्या. ग्रीन पक्षाशी बूट हाउस करार झाला, त्यांना दोन कनिष्ठ मंत्रिपदं मिळाली, आणि कुठल्या विषयांवर दोघांनी वेगळं बोललं तरी चालेल तेही त्यात लिहिलेलं होतं. एप्रिल 2024 मध्ये एसएनपीचे फर्स्ट मिनिस्टर हमझा युसफ यांनी करार मोडला आणि चार दिवसांत त्यांनाच राजीनामा जाहीर करावा लागला. पण खाती चालूच राहिली. नवा फर्स्ट मिनिस्टर निवडायला कायद्याने 28 दिवस मिळतात, आणि मे महिन्यात एसएनपीचेच जॉन स्विनी अल्पमतातच निवडून आले.