‘द डिसायपल’ पाहून रियाज वाढवायचाय? जाणत्यांनी नेमकं लिहा

चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला २०२० साली व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. गोष्ट मुंबईत शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या शरदची, पण त्यात त्याचे गुरुजी झालेले अरुण द्रविड खऱ्या आयुष्यात जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकरांचे शिष्य. म्हणजे परंपरा थेट कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारात गाणाऱ्या, या घराण्याच्या संस्थापक अल्लादियाखाँपर्यंत पोचते. कोल्हापुरात शिकणाऱ्या पोरांना उपयोगी पडेल एवढंच लिहावं, कौतुक नको.

गायन शिकवणारे, मंगळवार पेठ
सिनेमात शरद रात्री मोटरसायकलवरून गुरुजींच्या गुरू माईंची व्याख्यानं ऐकत फिरतो, ते बघून पोरं पहाटे चारला खर्ज (खालचे स्वर) लावायला बसतात. बसा, पण बेतानं. मंद्रात (खालच्या सप्तकात) दहा-पंधरा मिनिटं पुरे; एका श्वासाला एकच स्वर, आणि जिथं नुसती हवा यायला लागते त्याच्या खाली उतरायचं नाही. मग पलटे (स्वरांचे ठराविक क्रम): मेट्रोनोम ६० वर, आधी मात्रेला एक स्वर, मग दोन, मग चार. मात्रेला चार स्वर घेताना जबडा हलायला लागला तर ती गळ्याची तान नव्हे. लय ५० वर आणा, ‘आ’कार उघडा ठेवा.

रियाजानंतर तार षड्ज (वरचा सा) हळू आवाजात लावून बघा. मोठ्यानं लागतो पण हळू लागत नाही, याचा अर्थ गळा सुजलाय. त्या दिवशी पेटी बंद. दोन-तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर काढा पीत बसू नका, कान-नाक-घसावाल्याकडून स्वरयंत्र दुर्बिणीनं तपासून घ्या. खुद्द अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात अतोनात गाऊन गेला होता, आणि पुढं बदललेल्या गळ्याला मानवेल अशी गायकी त्यांनी घडवली. तपश्चर्येच्या गप्पा मारणारे हा भाग सांगत नाहीत.

तंबोरा जुळवणारे
आधी जोड (मधल्या दोन तारा), मग पंचम (पहिली तार), शेवटी खर्ज (शेवटची जाड तार). खुंटीनं जवळ आणायचं, बारीक फरक मण्यानं काढायचा. जवारीचा (तारेच्या झणझणीचा) दोरा घोडीवर केसभर सरकवत न्या. तार ‘बोलायला’ लागली की थांबा. दोऱ्यानं काहीच होत नसेल तर घोडीवर तारेचे चर पडलेत. पॉलिशपेपर घेऊन घरी उद्योग करू नका, मिरजेला न्या.

जुलैत आपल्याकडं हवा ओली, खुंट्या फुगून बसतात. पकड लावून पिळलं तर दांडीचं भोक चिरतं. तंबोरा दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, खुंटी सुटते. एप्रिलमध्ये उलटं: खुंटी सरकते, तिला खडूची पूड लावायची.

तबलावादक, राजारामपुरी
जयपूर घराण्याची चीज (बंदिश) अतिविलंबितात, म्हणजे फार संथ लयीत, मागू नका. तीनतालाचं आवर्तन वीस-पंचवीस सेकंदांत फिरलं की बंदिशीचे शब्द मात्रेला धरून राहतात. त्याहून सोडलं की नवखा गायक समेआधी (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेआधी) घुटमळतो नाहीतर धावतो. आणि ठेक्याच्या ॲपवर सहा-सहा महिने काढू नका. माणूस किंचित पुढंमागं होतो, त्याच्याशी जुळवून घ्यायची सवयच लागत नाही.

कॅसेटी डिजिटल करणारे
शरदचं पोटापाण्याचं काम हेच, म्हणून लिहितो. हेड आणि रबरी रोलर आधी पुसून घ्या. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रोलरचं रबर त्यानं कालांतरानं कडक होतं, तिथं ओलसर फडकं बरं. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवून तंबोऱ्याची झणझण सगळ्यात स्वच्छ कुठं येते ते बघा. २४ बिट, वेव्ह फाईल. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर चालवू नका, आधी तेच जवारी खातं.

गुरूंची जुनी कॅसेट लावून त्याच पट्टीत गाणाऱ्यांनी डेकचा वेग तपासावा. वेग सहा टक्के जास्त असला की पट्टी अर्ध्या स्वरानं चढते, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, शिवाय तानही तेवढीच पळते. वेगाचा स्क्रू बहुतेक डेकांत मोटरच्या मागच्या भोकात असतो.