क्लायमेट मॅपवर कुर्ला लाल दिसतंय, फ्लॅट घ्यावा का?

मिठीकाठचा_भाडेकरू
कुर्ल्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघतोय, ३० वर्षांचं लोन. मेव्हण्याने क्लायमेट सेंट्रल या अमेरिकन संस्थेचा समुद्राची पातळी वाढल्यावर काय होईल ते दाखवणारा नकाशा पाठवला, त्यात २०५० टाकलं की मिठी नदीच्या आजूबाजूचा बराच भाग लाल होतो. म्हणजे कायमचं बुडणार की अधूनमधून पाणी येणार? एजंट अर्थातच म्हणतो इथे पाणी भरतच नाही साहेब.

नकाशेबाज
लाल म्हणजे कायमचं पाण्याखाली नाही रे. समुद्राची वाढलेली पातळी आणि वरून वर्षातून साधारण एकदा येणारं मोठं उधाण धरतात, त्याच्या खाली जी जमीन ती लाल. मधे भिंत आहे, पंप आहे, हे तो नकाशा नीट बघत नाही आणि पाऊस तर धरतच नाही. २०१९ ला टीव्हीवर बोंब झाली 'मुंबई बुडणार' म्हणून, ती कशामुळे, तर आधीचे नकाशे २००० साली स्पेस शटलमधून रडारने मोजलेल्या उंचीवर होते, आणि रडारला दाट वस्तीत छपरंच दिसतात, जमीन कुठली. ती उंची दुरुस्त केली तर आपण वाटत होतो त्यापेक्षा बरेच खाली निघालो.

गटार_इन्स्पेक्टर
कुर्ल्याला खरा त्रास पाऊस आणि भरती एकत्र आली की. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, आणि आपली जुनी गटारं तासाला २५ मिमीच्या हिशोबाची, तेही ओहोटी असेल तर. ब्रिमस्टोवॅडमध्ये (पालिकेची पावसाळी गटारं सुधारायची योजना) ते ५० करायचं ठरलं, पण हल्ली तासाभरात त्याहून जास्त कोसळतो त्याचं काय. २०२० पासून 'आयफ्लोज' ही पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे, कुठे किती पाणी साचेल ते ६ ते ७२ तास आधी सांगायला, पण ते उद्या-परवासाठी, २०५० साठी नाही. लोक दोन्हीची खिचडी करतात.

मिठीकाठचा_भाडेकरू
बरं पण मी नेमकं बघू काय??

नकाशेबाज
पूररेषा, म्हणजे नदीच्या पुराचं पाणी कुठवर येईल ती आखलेली रेषा (ती क्लायमेट सेंट्रलच्या लाल रंगाहून वेगळी). निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. आता '१०० वर्षांतून एकदा' ऐकून निवांत होऊ नकोस, त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे तुझं लोन फिटेपर्यंत एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के. निळ्या रेषेवर असशील तर ७० च्या वर. आणि हा हिशोब पाऊस आहे तसाच राहील असं धरून, जे होणार नाहीये.

गटार_इन्स्पेक्टर
+१. आणि खालच्या वाण्याला विचार २००५ ला पाणी कुठपर्यंत होतं, एजंटला नको. मीटर रूम आणि पाण्याचा पंप किती उंचीवर आहेत तेही बघून ये, दुसऱ्या मजल्यावर कोरडा राहशील पण लाईट गेली, टाकीत गटाराचं पाणी गेलं की सगळ्यांचे हाल सारखेच.