गाईची जीभ दगडासारखी कडक, हे लाळ्या खुरकूत आहे का?

माढेकर: खिलार गाय, चौथं वेत. जीभ सुजून कडक झालीय, टोक बाहेर, लाळेची तार तुटत नाही. कडबा तोंडात घेते न् खाली टाकते. पण ताप नाही, खुरं साफ, शेजारची म्हैस ठणठणीत.

पशुवैद्यक: मग लाळ्या खुरकूत वाटत नाही. त्यात ताप, फोड येतात आणि गोठाभर पसरतं. हा काष्ठजिव्हा, म्हणजे अ‍ॅक्टिनोबॅसिलोसिस असावा. जिवाणू तोंडातच असतो. कुसळानं जखम झाली की आत शिरतो. तपासून शिरेतून सोडियम आयोडाइड देतात, जोडीला प्रतिजैविक. जबड्याचं हाड सुजलं असेल तर आजार वेगळा, तो हट्टी.

बार्शीचा भाऊ: आमच्या बैलाला हेच झालेलं. दुसऱ्या सुईनंतर डोळ्यांतून पाणी, अंगावर कोंडा. घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले आयोडीन जास्त झालं, थांबू. आणि जिभेला मीठ-हळद चोळू नका राव, जनावर उगाच तळमळतं.

माढेकर: गाय सात महिन्यांची गाभण आहे, चालेल?

पशुवैद्यक: दादा, हे आधी सांगायचं! आयोडाइडनं गाभ जाण्याची भीती असते. डॉक्टरांना पहिलं हेच सांगा. ते प्रतिजैविकावर भागवतील. तोवर मऊ हिरवा चारा, भिजवलेली पेंड. उसाचं वाढं बंद.