दिव्यांच्या दालनाची मांडणी कशी करावी?

प्रश्न:
नमस्कार. नाशिकमध्ये आमचे विजेच्या सामानाचे जुने दुकान आहे. वडिलांच्या काळापासून छताला पन्नाससाठ दिवे टांगून ते एकदम लावले जातात, आणि त्या लखलखाटात कोणता उजेड कोणत्या दिव्याचा हेच गिऱ्हाइकाला उमगत नाही. गेल्या दिवाळीत एकाने पसंत करून नेलेले स्पॉट (एका जागी झोत टाकणारे छतातले दिवे) आठवड्याभरात परत आणले, कारण झोपण्याच्या खोलीत ते डोळ्यांत खुपत होते. आता वरचा ६०० चौरस फुटांचा माळा मोकळा करून, ग्राहक स्वतः दिवे लावून-मंद करून पाहू शकेल असे दालन करायचे आहे. टचस्क्रीनवर खर्च करावा का?

उत्तर १:
आधी अंधार करा. जाड पडदे लावून शेजारी-शेजारी तीन सारखे कप्पे करा, तिन्हींच्या भिंती फिक्या राखाडी ठेवा आणि त्यांत अनुक्रमे २७०० (पिवळसर), ४००० (मधला पांढरा) आणि ६५०० (निळसर पांढरा) केल्विनचे, म्हणजे वेगवेगळ्या रंगछटेचे, दिवे लावा. डोळा कोणत्याही रंगछटेला थोड्या वेळात सरावतो, त्यामुळे एकापाठोपाठ एक दाखवलेल्या दिव्यांतला फरक विरून जातो. प्रत्येक कप्प्यात एकाच पैठणीचा काठ, तांब्याचे भांडे आणि पिकलेला टोमॅटो ठेवा. चौथ्या कप्प्यात एकाच छटेचे, पण एक ८० आणि दुसरा ९० पेक्षा जास्त सीआरआयचा (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असे दोन दिवे आलटून-पालटून लावता यावेत. सीआरआयचा हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात, गडद लाल त्यात धरलाच जात नाही. म्हणून ‘८०’ छापलेल्या दिव्याखाली टोमॅटो मळकट दिसू शकतो. दिवे घेताना आर९ (गडद लाल किती खरा दिसतो) हा आकडा वेगळा विचारून घ्या.

उत्तर २:
मी वायरिंगची कामे घेतो. टचस्क्रीनऐवजी घरात असतात तशी बटणे आणि उजेड कमी-जास्त करणारे, फिरवायचे डिमर लावा, कारण ग्राहक घरी तेच वापरणार आहे. डिमर आणि ड्रायव्हर (एलईडी दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग) यांची जोडी मात्र आधी तपासा. ती जुळली नाही, तर उजेड मंद करताच दिवा लुकलुकतो, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात. ही चाचणी ग्राहकालाही करू द्या. स्पॉट वर-खाली करता येणाऱ्या फळीवर बसवा. अडीच मीटरवरून २४ अंशांचा स्पॉट जमिनीवर सुमारे एक मीटर व्यासाचा झोत टाकतो, तर ६० अंशांचा जवळजवळ तीन मीटरचा. हे कागदावर कितीही समजावले तरी पटत नाही, पायाखाली दिसले की लगेच पटते.

उत्तर ३:
तुमच्या परत आलेल्या स्पॉटचे कारण मला वेगळे वाटते. दुकानात माणूस उभा असतो, झोपण्याच्या खोलीत तो छताकडे पाहत आडवा असतो. दालनात एक पलंग ठेवा आणि ग्राहकाला त्यावर खरोखर पडायला सांगा. वयस्कर माणसांना चकाकीचा त्रास अधिक होतो, त्यामुळे त्यांना आवर्जून सोबत बोलवा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. टचस्क्रीनचा विचार सोडला. पलंग आमच्याच घरातला जुना, लाकडी आहे. तो पहिल्या कप्प्यापाशी ठेवतो, आणि त्यावर आधी आईला झोपवून पाहतो.